ताणाची दिशा, रोधाची दिशा

सुरतहून उत्तरेला निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि पुढचे स्थानक येते ते कोसाड. मुंबई–अहमदाबाद मार्गावरच्या बहुतेक मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत. या जागेचे रेल्वेशी नाते मात्र फार जुने आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने आपला पहिला टप्पा १८६० च्या फेब्रुवारीत सुरू केला तो अंकलेश्वर ते उत्राण असा. तापीवरचा पूल तेव्हा वापरात यायचा होता. म्हणजे पश्चिम भारतातल्या या मोठ्या मार्गाचे जे पहिले रूळ वापरात आले, ते कोसाडवरून गेलेले होते.

त्या काळी दोन रुळांच्या टोकांमध्ये फट ठेवत. उन्हात रूळ फुगला की फट भरून निघे, थंडीत पुन्हा उघडे, आणि त्या फटीवरून चाक गेले की खडखडाट होई. आज प्रमुख मार्गांवर रूळ एकमेकांना वितळजोड देऊन सलग केलेले असतात. खडखडाट गेला, पण फटही गेली. वैशाखात सुरतेच्या हवेचे तापमान चाळिशी ओलांडते तेव्हा रुळाचे पोलाद त्याहून पंधरा-वीस अंशांनी जास्त तापते. त्याला फुगायचे असते, पण स्लीपर, क्लिपा आणि खडी त्याला फुगू देत नाहीत.

या अडवणुकीची किंमत मोजता येते. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ घेतला तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ चौरस सेंटीमीटर भरते. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रोमीटर वाढू पाहते. ही वाढ रोखून धरायला एका रुळामागे दर अंशाला जवळपास १.९ टन बळ लागते. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवला त्यापेक्षा तो ३० अंशांनी जास्त तापला, तर त्यात ५७ टनांचा दाब साठतो. मोकळा सोडला असता तर किलोमीटरमागे तो सुमारे ३५ सेंटीमीटर लांबला असता. खडीची पकड कुठे ढिली असेल तर हा दाब रुळाला बाजूला ढकलतो आणि सरळ लोहमार्गाला नागमोडी बाक येतो. म्हणूनच उन्हाळ्यात भर दुपारी ट्रॅकमन रुळावर गस्त घालतात. उघड्या खडीवरून त्या उन्हात चालणाऱ्या या माणसांविषयी फारच कमी लिहिले जाते.

रुळाकडे नुसते बघून आत किती टनांचा दाब आहे ते कळत नाही. तो दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि लांबीही बदललेली नसते. मग तो ओळखायचा कसा? एक वाट विजेच्या रोधातून जाते. पदार्थ ताणला किंवा दाबला की त्याचा विद्युतरोध बदलतो. बदल अतिशय सूक्ष्म असतो, पण मोजता येतो. हे प्रकरण त्या मोजण्याविषयी आहे. माझा मुद्दा असा की या मोजणीत रोध मोजणे हा सोपा भाग आहे. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते: दिलेला ताण पदार्थापर्यंत खरोखर किती पोहोचला हे ठरवताना, आणि तो कोणत्या दिशेने पोहोचला हे ओळखताना.

आधी रुळावरचे काम जवळून पाहू. त्यासाठी जे साधन वापरतात त्याला स्ट्रेन गेज म्हणतात. पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यावर तांबे आणि निकेल यांच्या कॉन्स्टंटन नावाच्या मिश्रधातूची काही मायक्रोमीटर जाडीची जाळी कोरलेली असते. एकच बारीक पट्टी पुढे-मागे वळत जाते आणि टोकांना दोन टिकल्या असतात. नखावर मावेल एवढी ही वस्तू. तिचा रोध बहुधा १२० किंवा ३५० ओहम असतो.

ती चिकटवणे हे कसबी काम आहे. रुळाच्या मधल्या उभ्या भागावरचा गंज आणि पापुद्रे घासून काढायचे, आधी जाड पॉलिश पेपरने, मग बारीक. चकाकी आली की अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसायचे, कापड काळे होणे थांबेपर्यंत. नंतर टोकदार पेन्सिलने दिशेची रेघ आखायची. गेज सेलोटेपवर उचलून रेघेवर बेतायचा, टेप अर्धी उलटायची, गोंदाचा एक थेंब टाकायचा आणि अंगठ्याने मिनिटभर घट्ट दाबून धरायचा. त्यानंतर तारांचे डाग आणि सगळ्यावर ओलावा रोखणारा थर. गोंदात हवेचा बुडबुडा राहिला किंवा गोंद जाड बसला, तर रूळ ताणला जातो आणि गेजपर्यंत तो ताण अर्धवटच येतो. आकडा मात्र येतच राहतो. चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो, म्हणून गेज चिकटवणाऱ्याच्या हातावर मोजणाऱ्याचा सगळा भरवसा असतो.

आता रोध किती बदलतो ते पाहू. लांबीत दहा लाखांत एक भाग बदल झाला तर त्याला एक मायक्रोस्ट्रेन म्हणतात. कॉन्स्टंटनच्या गेजमध्ये रोधातला सापेक्ष बदल लांबीतल्या सापेक्ष बदलाच्या साधारण दुप्पट असतो. या गुणोत्तराला गेज फॅक्टर म्हणतात. म्हणजे १२० ओहमच्या गेजमध्ये एका मायक्रोस्ट्रेनला ०.०००२४ ओहम. शंभर मायक्रोस्ट्रेन धरले तरी ०.०२४ ओहम. आता गेजपासून उपकरणापर्यंत जाणारी तांब्याची तार घ्या. तिचा रोध एक ओहम असेल, तर तापमान एका अंशाने चढताच तो जवळपास ०.००४ ओहमने वाढतो. सहा अंश चढले की झाले ०.०२४. ढगाआडचा सूर्य बाहेर आला आणि तार तापली, तर उपकरण रूळ ताणला गेल्याचे सांगते!

यावरचा तोडगा व्हीटस्टोन ब्रिजमध्ये आहे. हे मंडल सॅम्युअल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडले आणि चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८४३ मध्ये ते सर्वांना परिचित करून दिले. चार रोध चौकोनात जोडायचे, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना बॅटरी लावायची आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतला विद्युतदाब पाहायचा. चारही भुजा सारख्याच तापल्या तर तोल ढळत नाही. ताण मात्र एकाच भुजेला मिळाला तर लगेच ढळतो. शेजारच्या भुजेत तसाच दुसरा गेज लावून तो आडव्या दिशेने चिकटवला की तापमान दोघांना सारखे भिडते, ताण वेगळा. तोल ढळण्याचे जे माप मिळते ते ताणाचेच.

सलग रुळाच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. गेजची मिश्रधातू अशी सिद्ध केलेली असते की पोलाद तापून मोकळेपणी फुगले तर गेजने शून्यच दाखवावे. कोसाडच्या रुळाला फुगायला वाव नाही. त्यामुळे लांबी तसूभरही न वाढता गेज उणे आकडा दाखवतो, आणि तो उणे आकडा हेच साठलेल्या दाबाचे माप असते. ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. जी लांबी वाढायला हवी होती आणि वाढली नाही, तिची नोंद रोधात होते. अट एवढीच की गेज लावताना रूळ ताणमुक्त होता की नव्हता हे माहीत हवे, कारण चिकटवण्याआधी रुळात काय साठले होते ते गेजला कळत नाही.

रुळावरून जाणाऱ्या चाकाचे वजनही असेच मोजतात. दोन स्लीपरांच्या मध्ये, रुळाच्या उभ्या भागावर ४५ अंशांत तिरके गेज लावतात. चाक वरून गेले की तिथली तिरकी विकृती टिपली जाते. चाकावर सपाट डाग पडलेला असेल तर प्रत्येक फेरीला तो रुळावर आदळतो आणि नोंदीत टोक उमटते. गाडी न थांबवता सदोष चाक ओळखणाऱ्या यंत्रणा भारतीय रेल्वे याच पद्धतीने चालवते. गेज तिरका का लावायचा? चाकाचा भार रुळाला जिथे कातरू पाहतो, तिथे सर्वाधिक ताण त्याच दिशेने असतो म्हणून. दिशेचा प्रश्न इथेच डोकावतो. तो पुढे फार मोठा होणार आहे.

हे सारे ज्या निरीक्षणावर उभे आहे ते कोसाडला रूळ येण्याच्या चार वर्षे आधीचे. ग्लासगोचे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, तेव्हा समुद्राखालच्या तारायंत्राच्या प्रश्नांत बुडालेले होते. ताणल्या जाणाऱ्या तारेतून वीज कशी वाहते हा त्यांच्या दृष्टीने कामाचा प्रश्न होता. १८५६ च्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी लोखंड आणि तांबे यांच्या तारांवरचे प्रयोग मांडले. तारेला वजन टांगले की रोध वाढतो, हे त्यांना दिसले. पण त्यात आश्चर्य कसले? तार लांब आणि बारीक झाली की रोध वाढणारच. लांबी वाढल्याचा एक वाटा आणि जाडी घटल्याचा सुमारे ०.६ वाटा असे मिळून बहुतेक धातूंत नुसत्या आकारापोटी १.६ पट बदल होतो. तो भूमितीचा भाग झाला, पदार्थाचा नव्हे.

थॉमसन यांनी दोन्ही तारा सारख्याच लांबतील अशी मांडणी केली. आकारातला बदल दोघींत सारखा, तरीही लोखंडाचा रोध तांब्यापेक्षा जास्त वाढला. उरलेला फरक आकाराच्या खात्यात टाकता येईना, म्हणजे पदार्थाची रोधकताच ताणाने बदलत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, इलेक्ट्रॉनचा शोध चार दशके दूर असताना, एवढा स्वच्छ निष्कर्ष काढणे ही मोठीच गोष्ट होती. निकेलमध्ये तर हा पदार्थाचा भाग इतका मोठा आणि उलटा निघतो की तार लांब होऊनही तिचा रोध घटतो. त्याचा गेज फॅक्टर उणे बाराच्या आसपास आहे. कॉन्स्टंटनचा दोन म्हणजे त्यातला बराचसा भूमितीचाच.

या ज्ञानाचे हातात धरण्याजोगे साधन व्हायला ऐंशी वर्षे गेली. १९३८ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांना माहीत नसताना, बारीक तार थेट पृष्ठभागावर चिकटवण्याची कल्पना सुचली: कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स यांना आणि एमआयटीत आर्थर रूग यांना. रूग भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचे काय होते ते छोट्या प्रतिकृतीवर तपासत होते, आणि पातळ पत्र्यावरचा ताण मोजायला त्यांच्याकडे साधनच नव्हते. या शोधाला व्यापारी मोल फारसे नाही असे त्यांच्या संस्थेच्या पेटंट समितीला वाटले आणि हक्क रूग यांच्याकडेच राहिले. आज वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यापासून ट्रकच्या वजनकाट्यापर्यंत बहुतेक ठिकाणी भार मोजते ते या शोधाचेच वंशज.

आता स्फटिकाकडे वळू, कारण खरा खजिना तिथे आहे. कॉन्स्टंटनची पट्टी असो वा रुळाचे पोलाद, दोन्ही असंख्य इवल्या स्फटिकांचे गठ्ठे असतात आणि प्रत्येक कणाची दिशा वेगळी. हजारो दिशांची सरासरी होऊन एक गुळगुळीत आकडा हाती येतो. व्यवहाराला तो सोयीचा. पण अणूंची मांडणी आणि वीज यांचे नाते समजून घ्यायचे तर सरासरीने भागत नाही, एकसंध स्फटिकच हवा.

दिशेचे महत्त्व सुरतेला वेगळे समजावायला नको. कतारगाम-वराछाच्या कारखान्यांत फिरत्या चकतीवर हिरा घासणाऱ्या कारागिराला ठाऊक असते की एकाच दगडाचा एक पैलू एका दिशेने चटकन घासला जातो आणि दुसऱ्या दिशेने जागचा हलत नाही. हिऱ्याचे नैसर्गिक अष्टफलकी पृष्ठ तर अगदी समांतर धरले तर घासलेच जात नाही, दगड थोडा कलवावा लागतो. कार्बनच्या अणूंनी प्रत्येकी चार शेजारी धरून रचलेली जी जाळी हिऱ्याला हा स्वभाव देते, नेमकी तीच जाळी सिलिकॉन आणि जर्मेनियम यांचीही आहे.

या दोन पदार्थांवर १९५४ मध्ये चार्ल्स स्मिथ यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ते केस इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक. हे काम त्यांनी बेल प्रयोगशाळेत केले. ट्रान्झिस्टरचा जन्म होऊन सातच वर्षे झाली होती, त्यामुळे शुद्ध, मोठे, एकसंध स्फटिक तिथे उपलब्ध होते. स्मिथ यांनी त्यांतून वेगवेगळ्या दिशांनी बारीक कांड्या कापल्या: काही अणूजाळीतल्या घनाच्या कडेला समांतर, काही त्या घनाच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णाला समांतर. दोरीने वजन टांगून कांडी ताणली, आणि रोध कधी ताणाच्याच दिशेने मोजला तर कधी आडव्या दिशेने.

अशा कांडीवर चार तारा जोडतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह जातो, आतल्या दोहोंवर विद्युतदाब मोजतात. आतल्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्याने जोडाचा स्वतःचा रोध आकड्यात मिसळत नाही. अर्धवाहकात हे फार गरजेचे, कारण धातू आणि सिलिकॉन जिथे भेटतात तिथला रोध कांडीपेक्षाही मोठा असू शकतो. उजेड पडला तर सिलिकॉनमध्ये नवे भारवाहक निर्माण होतात, म्हणून अंधार हवा. प्रवाह जास्त सोडला तर कांडी तापते आणि तापमानाचा परिणाम ताणाच्या परिणामाला गिळून टाकतो. वजन चढवायचे, नोंद घ्यायची, उतरवायचे, पुन्हा नोंद घ्यायची. उतरवल्यावर रोध मूळ जागी आला नाही तर तेवढा भाग संशयास्पद.

स्मिथ यांना मिळालेले आकडे धातूंशी सवय झालेल्या डोळ्यांना अविश्वसनीय वाटावेत असे होते. बोरॉनसारख्या भेसळीने बनणाऱ्या पी-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये घनाच्या कर्णाच्या दिशेने गेज फॅक्टर १७५ च्या घरात जातो. कॉन्स्टंटनचा दोन! पण तेच सिलिकॉन घनाच्या कडेच्या दिशेने ताणले तर हा आकडा दहाच्याही खाली येतो. दुसरीकडे, फॉस्फरससारख्या भेसळीच्या एन-प्रकारात सगळे उलटे. घनाच्या कडेच्या दिशेने उणे १३० च्या आसपास, म्हणजे ताणले की रोध घटतो, आणि कर्णाच्या दिशेने परिणाम क्षीण. पदार्थ तोच, भेसळ कणभर, दिशा बदलली की उत्तर वीसपटींनी बदलते.

याचे कारण एन-प्रकाराच्या बाबतीत शब्दांतही नीट सांगता येते. या सिलिकॉनमध्ये वीज वाहणारे इलेक्ट्रॉन सहा गटांत वाटलेले असतात, घनाच्या तीन अक्षांवर दोन-दोन गट. प्रत्येक गटातला इलेक्ट्रॉन आपल्या अक्षाच्या दिशेने जड असल्यासारखा वागतो आणि आडव्या दिशांनी हलका. फरक जवळपास पाचपट. एरवी सहाही गट समसमान भरलेले असतात, त्यामुळे सिलिकॉन सर्व दिशांनी सारखेच वाहक दिसते. आता स्फटिक एका अक्षाच्या दिशेने ताणा. त्या अक्षावरच्या दोन गटांची ऊर्जा थोडी चढते, आणि त्यांतले काही इलेक्ट्रॉन उरलेल्या चार गटांत जातात. हे चारही गट ताणाच्या दिशेने हलके असतात. साहजिकच त्या दिशेने वीज अधिक सुलभ वाहते आणि रोध पडतो.

आडव्या दिशेने काय होईल? सरकलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी निम्मे अशा गटात जातात जो त्या आडव्या दिशेने जड आहे, उरलेले निम्मे जिथे जातात तिथे ते हलकेच राहतात. म्हणजे आडव्या दिशेचा रोध वाढायला हवा, आणि ताणाच्या दिशेतल्या घटीच्या निम्म्याने वाढायला हवा. स्मिथ यांच्या तक्त्यात हे दोन आकडे, बारा शून्यांच्या एककांत न जाता सांगायचे तर, उणे १०२ आणि अधिक ५३ आहेत. जवळजवळ नेमके निम्मे. आणि घनाच्या कर्णाच्या दिशेने ताणले तर सहाही अक्ष-गटांना ताण सारखाच भेटतो, कुणाची ऊर्जा कुणापेक्षा चढत नाही, इलेक्ट्रॉनांना हलायचे कारणच उरत नाही. म्हणून तिथे परिणाम क्षीण. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉनांचे गट घनाच्या कर्णांवर असतात, आणि तिथे मोठा परिणामही कर्णाच्याच दिशेने सापडला. दोरीला वजन टांगून, काही तारा जोडून, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे गट स्फटिकात कुठल्या दिशांना आहेत हे कळले. मोजमापाच्या इतिहासातल्या ज्या थोड्या गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचतो, त्यांत ही आहे. पी-प्रकारातली कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे, तिच्यात इथे शिरत नाही.

उद्योगाने हा परिणाम ताबडतोब उचलला. सिलिकॉनचा पातळ पडदा, त्यात योग्य दिशेने रोवलेले चार रोध आणि त्यांचाच व्हीटस्टोन ब्रिज: मोटारीच्या इंजिनातला हवेचा दाब आणि रक्तदाब मोजणाऱ्या कित्येक यंत्रांतला दाब असाच मोजला जातो. २००३ मध्ये इंटेलने ९० नॅनोमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉन मुद्दाम ताणून-दाबून बसवले, कारण भारवाहक त्यामुळे वेगाने धावतात. ज्याचे स्मिथ यांनी माप घेतले, तो परिणाम आता खिशातल्या फोनमध्ये कायमचा गोठवलेला आहे.

महाराष्ट्रातले एक उदाहरण यापेक्षा वेगळ्या अंगाचे आहे. पवईच्या आयआयटीत नितीन काळे, रामगोपाल राव आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका सूक्ष्म पट्टीचे काम प्रसिद्ध केले. एका टोकाला धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. तिच्या पृष्ठावर एखाद्या विशिष्ट पदार्थाचे रेणू चिकटले की पृष्ठताण बदलून ती किंचित वाकते, आणि आत दडवलेल्या सिलिकॉनचा रोध बदलतो. पट्टी सिलिकॉनचीच केली तर ती फार ताठ होते आणि रेणूंच्या जोराला दाद देत नाही. म्हणून त्यांनी ती एसयू-८ या पॉलिमरची केली, जे सिलिकॉनच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकेच ताठ असते. पण सिलिकॉनचा थर बसवण्याच्या नेहमीच्या पद्धतीला लागणारी उष्णता पॉलिमरला सोसत नाही. त्यासाठी तापलेल्या तारेने वायूचे विघटन करून कमी तापमानाला थर बसवण्याची पद्धत वापरली. हा थर एकसंध स्फटिकाचा नसतो, त्यामुळे गेज फॅक्टर घटतो. घटलेली संवेदनशीलता पट्टीच्या लवचिकपणाने भरून काढली. ताण जास्त पोहोचवायचा की पोहोचलेल्या ताणाला जास्त प्रतिसाद मिळवायचा, या निवडीत त्यांनी पहिला पर्याय घेतला. आयआयटीतूनच पुढे आलेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०२१ मध्ये सूक्ष्मसंवेदकावर चालणारे, स्फोटकांचे अंश हुंगणारे यंत्र बाजारात आणले.

गेल्या पंधरा वर्षांत या मोजणीला पुन्हा मूलभूत पदार्थविज्ञानाचे वळण मिळाले आहे. स्टॅनफर्डमध्ये इयन फिशर यांच्या गटाने २०१२ मध्ये लोह आणि आर्सेनिक असलेल्या बेरियमच्या एका संयुगाचे स्फटिक घेतले. त्याच्या मूळ रूपात सुमारे १३८ केल्व्हिनला चौकोनी जाळी किंचित आयताकृती होते. प्रश्न असा होता की जाळी आधी बिघडते आणि इलेक्ट्रॉन तिच्या मागून जातात, की इलेक्ट्रॉनच पुढाकार घेतात? त्यांनी पातळ स्फटिक पीझो ठोकळ्याच्या कुशीला चिकटवला. या ठोकळ्याला विद्युतदाब दिला की तो एका दिशेने लांबतो आणि आडव्या दिशेने आखडतो. ठोकळ्याच्या पाठीवर लावला होता तो साधा, कॉन्स्टंटनच्या जातीचा स्ट्रेन गेज. तापमान खाली आणत त्यांनी एवढेच मोजले की ठराविक ताणाला रोध दोन आडव्या-उभ्या दिशांत किती वेगळा होतो. हा प्रतिसाद संक्रमणाजवळ येताना भडकत गेला, आणि ज्या पद्धतीने भडकला त्यावरून पुढाकार इलेक्ट्रॉनांचा असल्याचे दिसले. दोन दिशांची बेरीज घेतली असती तर हे हाती आले नसते. वजाबाकीत उत्तर होते.

या पद्धतीची दुखरी नस गोंदातच आहे. वजन टांगले की बळ किती ते नक्की माहीत असते, लांबी किती वाढली ते काढावे लागते. ठोकळ्याला चिकटवले की उलट, लांबी ठोकळा ठरवतो. पण स्फटिक जाड असेल तर खालचा थर ताणला जातो आणि वरचा तसाच राहतो. शिवाय गार करताना स्फटिक एका प्रमाणात आकसतो आणि ठोकळा दुसऱ्या, त्यामुळे दाब देण्याआधीच स्फटिकात ताण भरलेला असतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने २०१० मध्ये याच विसंगतीचा कौशल्याने उपयोग केला. खळग्यावर ताणून बसवलेला ग्राफीनचा पापुद्रा गार करत त्यांनी त्याची कंपनसंख्या विजेने मोजली, आणि भोवतालच्या आकसण्याने ताण कसा बदलतो त्यावरून दाखवले की खोलीच्या तापमानापासून ३० केल्व्हिनपर्यंत ग्राफीन गार होताना आकसण्याऐवजी पसरते.

क्लिफर्ड हिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ठोकळ्याचा दोष ठोकळ्यानेच काढला. तीन सारखे ठोकळे असे बसवले की गार होताना होणारी त्यांची हालचाल एकमेकांना छेदून जाते, आणि स्फटिकाची बारीक पट्टी दोन जबड्यांमध्ये धरून हवी तेवढी दाबता येते. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या संयुगावर त्यांनी ते वापरले. एरवी सुमारे १.५ केल्व्हिनला ज्याचा रोध शून्य होतो, तो स्फटिक दाबाखाली जवळपास साडेतीन केल्व्हिनलाच अतिवाहक झाला, आणि आणखी दाबल्यावर हे तापमान पुन्हा घसरले. हे शिखर लांबीतल्या ०.६ टक्के घटीला येते असा आधीचा अंदाज होता. पुढे जबड्यांमध्ये बळ मोजणारा संवेदकही बसवला गेला. तेव्हा लक्षात आले की जबड्यांच्या हालचालीतला बराचसा भाग पट्टी धरून ठेवणारा इपॉक्सी गोंद स्वतःच खात होता. २०१९ मध्ये शिखराची जागा ०.४४ टक्क्यांवर आणली गेली, पुढे-मागे ०.०६ टक्क्यांच्या सवलतीसह. रोधाच्या आणि तापमानाच्या नोंदींना हात लावावा लागला नाही. त्या पहिल्यापासून बरोबर होत्या.